हेलन केलर आणि तिचे सवंगडी



मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची म्हटले, की दर वर्षी कार्यकारिणीतल्या भगिनी माझ्याकडून लोणच्याची नाही तर दिवाळीच्या फराळाची कृती लिहून नेतात. यंदा मात्र एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहाच, असा त्यांनी आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. घरचे काम, मुलांचे डबे आणि सासूबाईंचे औषधपाणी यांतून वेळ मिळेल तेव्हा मंडळाच्या कपाटातली पुस्तके वाचायची, एवढीच माझी विद्या. तेव्हा भाषा साधीच असेल, ती गोड मानून घ्यावी ही विनंती.

मी हेलन केलर यांचे चरित्र निवडले आहे. डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकू येत नाही, अशा स्थितीत ही मुलगी शिकली, पदवीधर झाली, हे आपल्यापैकी बहुतेकींना शाळेच्या पुस्तकातून ठाऊक आहे. तिच्या शिक्षिकेची कीर्तीही सर्वांनी ऐकली आहे. परंतु ते चरित्र वाचताना माझे मन सारखे दुसरीकडेच जात होते. या मुलीबरोबर खेळले कोण? शिकवायला बाई मिळाल्या, मदतीला मोठी माणसे मिळाली, हे ठीकच. पण लहान मुलाला विद्येच्या आधी लागतो तो सवंगडी. तो तिला कसा मिळाला, आणि डोळे-कान असलेल्या मुलांनी तिला आपल्यात कसे घेतले, तेवढेच मी आज सांगणार आहे.

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, टस्कंबिया नावाच्या लहानशा गावी झाला. वडील आर्थर केलर पूर्वी सैन्यात कॅप्टन होते, पुढे ते एक वर्तमानपत्र चालवीत. आईचे नाव केट. घर सुखवस्तू होते. भोवती बाग, भिंतीवर चढलेल्या वेली, अंगणात कोंबड्या, गोठ्यात गाई. मूल मोठे चपळ. वर्षाची होते न होते तोच चालू लागली. पण एकोणीस महिन्यांची असताना, १८८२ च्या फेब्रुवारीत तिला कडक ताप भरला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मग एके दिवशी जसा आला तसाच तो ताप उतरला आणि घरात आनंदीआनंद झाला. मात्र त्या तापाने जाताना तिचे डोळे आणि कान दोन्ही नेले होते, हे तेव्हा कोणालाच कळले नव्हते. जे मूल ऐकत नाही ते बोलायला तरी कसे शिकणार? दोन-चार बोबडे शब्द येत होते, तेही हळूहळू गेले.

तरी मूल ते मूलच. हेलनने आपल्यापुरत्या खुणा तयार केल्या. मान हलवली की नको, डोलावली की हवे. ओढले की ये आणि ढकलले की जा. पाव हवा असला की सुरीने काप करून लोणी लावल्याची नक्कल करायची. आइस्क्रीम हवे असले की ते करायच्या भांड्याचा दांडा फिरवल्यासारखे करून थंडीने कुडकुडून दाखवायचे. आई या खुणा ओळखायची. आणि आईखालोखाल त्या खुणा कोणाला कळत असतील, तर त्यांच्या स्वयंपाकिणीच्या मुलीला.

या मुलीचे नाव मार्था वॉशिंग्टन. हेलनपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. दोघी दिवसभर बरोबर असत, आणि त्यांच्यामागे बेल नावाची एक म्हातारी कुत्री. दोघी मिळून स्वयंपाकघरात कणीक मळू लागत, कॉफी दळत, आइस्क्रीमचे भांडे फिरवू लागत. केकचे भांडे चाटायला कोणी घ्यायचे यावरून भांडत. कोंबड्यांना दाणे टाकत. गिनी कोंबड्या उंच गवतात लपवून अंडी घालतात, ती शोधायला जाणे हा तर हेलनचा आवडता खेळ. दोन्ही हातांच्या मुठी करून जमिनीला टेकवल्या, की मार्था समजायची, गवतातल्या गोल वस्तू शोधायला निघायचे आहे. गंमत अशी, की अंडी सापडल्यावर ती घरी न्यायचे काम हेलन कधी मार्थाला करू देत नसे. तू वाटेत पडशील आणि अंडी फोडशील, असे ती हातवारे करून बजावी. भगिनींनो, पाहा, डोळस मुलगी पडेल म्हणून काळजी करणारी ही आंधळी मुलगी! खेळात रमलेल्या पोरीच्या मनातसुद्धा नव्हते, की आपल्यात काही उणे आहे.

एका जुलै महिन्यातल्या उन्हाच्या दुपारी दोघी ओसरीच्या पायऱ्यांवर बसून कागदाच्या बाहुल्या कापत होत्या. हेलन तेव्हा सहा वर्षांची. बाहुल्यांचा कंटाळा आला तशी कात्री बुटांच्या नाड्यांवर फिरली, मग वेलीच्या पानांवर, आणि मग हेलनने मार्थाचे केसच कापले. मार्थाने आधी नको म्हटले, मग मान पुढे केली. पण आपली पाळी येताच तिनेही कात्री घेतली आणि हेलनच्या सोनेरी बटांपैकी एक कापून टाकली. आई वेळेवर आली म्हणून बाकीच्या वाचल्या.

हा प्रसंग वाचून मी आधी हसले आणि मग विचारात पडले. घरातली सगळी मोठी माणसे हेलनला बिचारी समजून वागवत होती. मार्थाने मात्र एका हाताने दिले तसे दुसऱ्या हाताने घेतले. खरा खेळ असाच असतो. अर्थात यात दुसरीही बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती, तरी मालकाची मुलगी आणि काळ्या स्वयंपाकिणीची मुलगी हा भेद संपला नव्हता. हेलन दांडगाई करायची, आणि मारामारी नको म्हणून मार्था बहुतेक वेळा तिचे ऐकायची. मोठेपणी हेलनने हे स्वतःच लिहून ठेवले आहे. पण तिच्या खुणांची भाषा घराबाहेरच्या मुलांपैकी सर्वांत आधी शिकली ती मार्थाच. तिला कोणी शिकवायला बसले नव्हते. बरोबर खेळायचे म्हटल्यावर भाषा आपोआप आली.

मात्र एकट्या मार्थाने सारे कसे भागणार? हेलन जसजशी मोठी होऊ लागली तसतसे तिला कळू लागले, की बाकीची माणसे ओठ हलवून काहीतरी करतात, ते आपल्याला येत नाही. दोन माणसांच्या मध्ये उभी राहून ती त्यांच्या ओठांना हात लावून पाही, स्वतःचे ओठ हलवी, आणि काहीच घडले नाही की संतापाने लाथा झाडी, किंचाळे. घरात तिला कोणी नाही म्हणत नसे. दिसत नाही, ऐकू येत नाही, तिला रागे कसे भरायचे? जेवणाच्या टेबलाभोवती फिरून ती ज्याच्या त्याच्या बशीतले हवे ते हाताने उचलून खाई. एकदा आईला कोठीच्या खोलीत कोंडून किल्ली फिरवली आणि बाहेर पायरीवर बसून राहिली. आई दार ठोठावते आहे त्याचे हादरे तिला जाणवत होते आणि ती हसत होती. तीन तास असे गेले. धाकटी बहीण मिल्ड्रेड झाली. ती बाहुलीच्या पाळण्यात निजलेली हेलनला आढळली, तेव्हा तिने तो पाळणाच उलटा केला. आईने बाळाला वरच्यावर झेलले म्हणून ते वाचले. अशा मुलीशी दुसरी मुले खेळणार तरी कशी? दोष डोळ्यांचा नव्हता आणि कानांचाही नव्हता. लाडाने आणि कीव करण्याने मूल एकटे पडत चालले होते.

१८८६ साली आईवडील तिला घेऊन बाल्टिमोरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाले. आगगाडीचा लांबचा प्रवास. मुलीचे मन रमावे म्हणून आत्याने टॉवेल गुंडाळून एक ओबडधोबड बाहुली करून दिली. तिला नाक, तोंड, कान, डोळे काहीच नव्हते. बाकीचे नसले तरी हेलनचे काही म्हणणे नव्हते, पण डोळे नाहीत हे तिला काही केल्या चालेना. ती ज्याला त्याला बाहुलीचा चेहरा दाखवत सुटली. शेवटी तिनेच आत्याच्या केपला लावलेले मोठे मणी शोधून काढले, दोन तोडले आणि ते बाहुलीच्या तोंडावर शिवून द्यायला लावले. डोळे लागले तेव्हा तिला आनंद झाला. मी चार मुलांची आई आहे. हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते सांगायला लाज वाटत नाही.

डॉक्टरांकडून डोळ्यांना उपाय नव्हता. त्यांनी डॉ. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे नाव सुचवले. टेलिफोनचा शोध लावणारे तेच हे बेल. बहिऱ्या मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्यभर काम केले. त्यांनी बोस्टन शहरातल्या पर्किन्स अंधशाळेला लिहायला सांगितले. त्या शाळेने अ‍ॅन सुलिव्हान नावाची वीस वर्षांची शिक्षिका पाठवली. ती ३ मार्च १८८७ रोजी टस्कंबियाला पोहोचली. ही सुलिव्हानबाई स्वतः गरिबीत वाढलेली, डोळ्यांच्या दुखण्याने जवळजवळ आंधळी झालेली आणि शस्त्रक्रियेनंतर थोडे दिसू लागलेली. त्यामुळे तिने कीव केली नाही.

तिने सर्वांत आधी काय शिकवले असेल? टेबलाशी आपल्या खुर्चीवर बसून आपल्याच बशीतले चमच्याने खायचे. हेलनने आकांत केला, लोळण घेतली, चमचे फेकले. घरची माणसे खोलीबाहेर निघून गेली. बाईंनी दाराला कुलूप लावले आणि चमचा पुन्हा पुन्हा हातात दिला. सकाळची न्याहारी दुपारपर्यंत चालली. शेवटी हेलन चमच्याने जेवली आणि रुमालाची घडीही केली. घरच्यांना ही बाई कठोर वाटली. पण मला वाटते, हेलनला सवंगडी मिळवून देण्याचे पहिले काम याच दिवशी झाले. चार मुलांत बसायचे तर चार मुलांचे नियम पाळावे लागतात. अपंग मूल म्हणून त्याला सगळे माफ केले, तर मुले त्याला टाळू लागतात आणि दोष मात्र मुलांना लागतो.

पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. पर्किन्स शाळेतल्या अंध मुलींनी हेलनसाठी एक बाहुली पाठवली होती. तिचे कपडे लॉरा ब्रिजमन यांनी शिवले होते. या लॉरा हेलनसारख्याच अंध आणि बहिऱ्या, आणि हेलनच्या आधी पन्नास वर्षे त्याच शाळेत शिकलेल्या. म्हणजे शिक्षण घरात आले ते खेळण्याच्या रूपाने, आणि तेही अंध मुलींनी दिलेल्या. बाहुली हातात देऊन सुलिव्हानबाईंनी हेलनच्या तळहातावर बोटांच्या खुणांनी त्या शब्दाची अक्षरे उमटवली. आपल्याकडे हातांच्या खुणांनी बोलण्याला करपल्लवी म्हणत, त्यातलाच हा प्रकार, फक्त डोळ्यांऐवजी तळहाताने वाचायचा. महिनाभर हेलन अक्षरांची नक्कल करी, पण त्यांचा अर्थ तिला कळत नव्हता. मग ५ एप्रिल १८८७ रोजी विहिरीवरच्या हापशाखाली एका हातावर पाण्याची धार पडत असताना दुसऱ्या हातावर पाण्याची अक्षरे उमटली, आणि प्रत्येक वस्तूला नाव असते हे तिला उमगले. त्याच दिवशी सकाळी तिने रागाने ती नवी बाहुली आपटून फोडली होती. घरात येताच ती तुकड्यांपाशी गेली आणि ते जुळवू लागली. आपण काय केले याचे वाईट वाटणे तिला प्रथमच समजले.

त्यानंतर बाईंनी शाळा भरवली ती खेळाची. टेनेसी नदीच्या काठी गारगोट्यांची धरणे बांधायची, बेटे करायची, तळी खणायची. हेलनला वाटे आपण खेळतो आहोत, आणि होत होता भूगोल. वस्तूंवर शब्दांच्या चिठ्ठ्या लावायच्या. एक दिवस हेलन स्वतःच मुलगी या शब्दाची चिठ्ठी झग्याला टाचून कपाटात जाऊन उभी राहिली आणि शेजारच्या फळीवर आहे आणि कपाटात या शब्दांच्या चिठ्ठ्या मांडल्या. पुरे वाक्यच तयार झाले!

आता सवंगड्यांकडे येते. त्या वर्षीच्या नाताळात टस्कंबियाच्या शाळेतल्या मुलांनी आपल्या झाडाच्या समारंभाला हेलनला बोलावले. नाताळचे झाड तिने कधी पाहिले नव्हते. झाडाला लटकवलेल्या भेटी सगळ्या आपल्याच, असे समजून ती काढू लागली. सहा महिन्यांपूर्वी असती तर तिथेच रणकंदन झाले असते. पण प्रत्येक मुलासाठी एकेक भेट आहे, हे आता तिला समजावून सांगता येत होते. मग भेटी वाटण्याचे काम तिलाच दिले. स्वतःच्या भेटी खुर्चीवर ठेवून सगळ्या मुलांना मिळेपर्यंत तिने त्या उघडल्या नाहीत. एका मुलीला इतरांपेक्षा कमी मिळाले हे कळताच आपल्यातले तिला द्यायचा हट्ट धरला. गावातली मुले तिच्याभोवती जमली आणि तिला खूश करायला धडपडू लागली. जिला पाहून मुले दूर सरत असतील, तीच आता मुलांच्या मधोमध होती. त्या शाळेतल्या कोणा शहाण्या माणसाने तिला कोपऱ्यात खुर्ची देऊन बसवले नाही, वाटण्याचे काम दिले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पाहुणे मूल आणि आपले मूल यांत हाच फरक, आपल्या मुलाला काम सांगतात.

१८८८ च्या मे महिन्यात हेलन बोस्टनला पर्किन्स शाळेत गेली. तिथल्या अंध मुलींना बोटांची अक्षरे येत होती. आजवर कोणाशीही बोलायचे तर मध्ये सुलिव्हानबाई दुभाष्यासारख्या लागत. इथे ती प्रथमच मुलींशी हातात हात घालून थेट बोलली. आपल्यासारख्याच या मुलींनाही दिसत नाही, हे कळल्यावर तिला आश्चर्य वाटले आणि वाईटही. पण त्या इतक्या आनंदात खेळत होत्या, की तीही थोड्याच वेळात सगळे विसरून त्यांच्यात मिसळली.

पुढे १८९१ साली एक घटना घडली, ती तर मुलांना सांगण्यासारखी आहे. हेलनचा लाडका कुत्रा कोणी गोळी घालून मारला. हे कळल्यावर ठिकठिकाणच्या लोकांनी तिला नवा कुत्रा घेऊन देण्यासाठी पैसे पाठवायची तयारी दाखवली. त्याच सुमारास पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या टॉमी स्ट्रिंगर नावाच्या मुलाची हकीकत तिला कळली. जेमतेम पाच वर्षांचा, अंध आणि बहिरा, घरची गरिबी. हेलनने कळवले, मला कुत्रा नको, ते पैसे टॉमीच्या शिक्षणाला द्या. तिने लोकांना पत्रे लिहिली. दहा वर्षांच्या मुलीच्या शब्दावर पैसे जमले आणि टॉमी पर्किन्सच्या बालवर्गात दाखल झाला.

१८९६ साली हेलन केंब्रिज गावातल्या मुलींच्या शाळेत शिकू लागली. इथल्या सगळ्या मुली डोळस आणि ऐकणाऱ्या. आपल्या वयाच्या अशा मुलींबरोबर राहण्याचा तिचा हा पहिलाच प्रसंग. काही मुलींनी आपण होऊन बोटांची अक्षरे शिकून घेतली आणि त्या सुलिव्हानबाईंना मध्ये न घेता तिच्याशी गप्पा मारू लागल्या. बर्फात हुंदडणे, लांब फिरायला जाणे, सारे बरोबर. आणि त्यांच्या खेळांत एक खेळ होता आंधळ्या कोशिंबिरीचा! हो, आपलाच तो खेळ. डोळे बांधून एकीने बाकीच्यांना पकडायचे. आमच्या हेलनला डोळे बांधायची गरज नाही, म्हणून मुलींना संकोच वाटून त्यांनी तो खेळ बंद ठेवला असता, तर ते आपल्याला शहाणपणाचे वाटले असते. पण त्या खेळल्या. त्या खेळात पट्टी बांधली की प्रत्येक जण घटकाभर आंधळीच होते, तेव्हा हेलन आणि इतर मुली एका पायरीवर येतात. कोणी सांगून जे कळले नसते, ते त्या मुलींना खेळताना कळले असेल.

हेलनला बुद्धिबळही येई. तिच्या पटाची घरे कोरून खोलगट केलेली होती, त्यामुळे मोहरे घट्ट उभे राहत. पांढरे मोहरे आकाराने मोठे आणि काळे लहान. समोरच्याने खेळी केली की ती पटावरून हलकेच हात फिरवून डाव समजून घेई. दुसऱ्या एका सोंगट्यांच्या खेळात काळ्या सोंगट्या सपाट आणि पांढऱ्या वरून फुगीर असत. पत्त्यांच्या कोपऱ्यात उठावाचे ठिपके टोचलेले. सायकल होती ती दोघांनी चालवायची. पुढे डोळस माणूस आणि मागे हेलन. मी हे मुद्दाम सांगते आहे. खेळ तोच राहिला, नियम तेच राहिले, फक्त थोडी सोय केली. एवढ्याने हरणारा आणि जिंकणारा दोघेही खरेखुरे हरू आणि जिंकू लागले.

मोठेपणीही लहान मुलांचा सहवास त्यांना फार आवडे. मुले हात धरून त्यांना हव्या त्या गोष्टी दाखवायला नेत. लहानग्यांना बोटांची अक्षरे येत नसत, मग त्या मुलांच्या ओठांवर बोटे ठेवून बोलणे ओळखत. तेही साधले नाही की मुले हातवारे आणि नकला करून दाखवत. मुलांना भाषेची अडचण कधी फार वेळ अडवत नाही, हे आपण आयांनी तरी जाणतोच.

हेलनबाईंचे पुढचे आयुष्य मोठे आहे, ते थोड्या ओळींत सांगते. १९०३ साली त्यांचे आत्मचरित्र निघाले. १९०४ साली त्या रॅडक्लिफ कॉलेजातून पदवीधर झाल्या. अंध आणि बहिऱ्या असलेल्यांमध्ये बी. ए. होणाऱ्या त्या पहिल्याच. सगळी व्याख्याने सुलिव्हानबाई त्यांच्या तळहातावर उमटवीत. १९२४ पासून त्यांनी अमेरिकेतील अंधांच्या राष्ट्रीय संस्थेसाठी काम केले. १९३६ साली सुलिव्हानबाई वारल्या. पण काम थांबले नाही. पस्तीसहून अधिक देश त्या हिंडल्या. १९५५ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, आशियाचा दौरा करताना त्या आपल्या भारतातही आल्या आणि पंडित नेहरूंना भेटल्या. १ जून १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची बहिऱ्या आणि अंध-बहिऱ्या मुलांसाठीची संस्था मुंबईत १९७७ साली निघाली.

आता थोडे आपल्या घरचे. आमच्या गल्लीत एक सात-आठ वर्षांची मुलगी आहे. तिला ऐकू येत नाही. संध्याकाळी मुले अंगणात खेळत आणि ती खिडकीचे गज धरून पाहत बसे. काही घरांतून मुलींना ताकीद होती, की तिच्यात खेळू नका, तुम्हीही तशाच व्हाल. कोणी म्हणे पूर्वजन्मीचे पाप. भगिनींनो, बहिरेपण हे काही गोवर-कांजिण्यांसारखे खेळताना लागत नाही. आणि हेलनने तरी कोणते पाप केले होते? एकोणीस महिन्यांच्या बाळाला ताप आला, एवढेच.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मुलींनीच तिला लपंडावात घेतले. अडचण पहिल्याच डावाला आली. डाव सुटला की साईसुट्योची आरोळी देतात. ती हिला ऐकू जाईना, म्हणून ही आपली जिन्याखाली लपूनच राहिली. बाकीच्या दमून घरी निघाल्या तरी हिचा पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या धाकटीने युक्ती काढली. आरोळीबरोबर ओट्यावरून लाल ओढणी फडकवायची, आणि हिने जिथून ओटा दिसेल अशाच जागी लपायचे. झाले, खेळ सुरू झाला. आता हिच्यावर राज्य येते तेव्हा कोणी तिला सूट देत नाही, आणि तीही कोणाला देत नाही. परवा माझ्या धाकटीशी तिचे कडाक्याचे भांडण झाले. तिची आई दारात आली आणि मला वाटले, आता ही मुलीला घरात नेणार. पण ती भांडण पाहून हसत उभी राहिली. आपल्या मुलीशी कोणी बरोबरीने भांडते आहे, हे तिने पहिल्यांदाच पाहिले असेल.

माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. मुलांनी विचारले, की याला का चालता येत नाही, तर त्यांना गप्प करू नये. खरे ते साध्या शब्दांत सांगावे, म्हणजे त्यांचे कुतूहल संपते आणि खेळ सुरू होतो. अंध मुलासाठी चेंडूला घुंगरू शिवावे. पायाने अधू मुलाने लगोरीत नेम धरावा आणि त्याच्या वतीने दुसऱ्याने पळावे. सागरगोटे, पट, भातुकली यांत तर बसूनच खेळायचे असते. ऐकू न येणाऱ्या मुलीसाठी संगीत खुर्चीत गाण्याबरोबर रुमाल हलवावा, गाणे थांबले की रुमाल खाली. मात्र नेहमी पंचाची जागा देऊन त्या मुलाला बाजूला बसवू नये, आणि मुद्दाम जिंकू देऊ नये. मुले फार हुशार असतात, खोटे जिंकणे त्यांना लगेच कळते.

अशा मुलांना आता दिव्यांग म्हणतात. २०१६ साली आपल्या देशात त्यांच्या हक्कांचा कायदाही झाला आणि शाळेत इतरांच्या बरोबरीने शिकण्याचा व खेळण्याचाही हक्क त्यात लिहिला गेला. पण कायदा अंगणात येऊन लपंडाव मांडत नाही. ते आपल्या हाती आहे.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आपण मुलांचा खेळवर्ग भरवतो. यंदा त्याच्या नावनोंदणीच्या कागदावर आपल्या वस्तीतल्या अशा प्रत्येक मुलाचे नाव असावे. त्यांच्या आया संकोचाने येणार नाहीत, तेव्हा आपणच हळदीकुंकवाला बोलावतो तसे घरी जाऊन त्यांना बोलवावे. आणि आपल्या मुलांना फार उपदेश करू नये. एक डाव मांडून द्यावा, पुढचे ती पाहून घेतील. टस्कंबियाच्या ओसरीवर दोन पोरींनी एकमेकींचे केस कापले, तेव्हा त्यांना तरी कोणी उपदेश केला होता?

लेख लांबला, क्षमा असावी. मंडळाची अशीच भरभराट होवो आणि आपल्या अंगणात सगळ्यांची मुले एकत्र खेळोत, एवढी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करते.